आमटी अळणी कशाने झाली?

पत्र : मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून साठ खाटांच्या खासगी हॉस्पिटलात दोन वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करतेय आणि नॉर्सेटची, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची, तयारी चालू आहे. सराव पेपरात बाकीचे विषय जमतात, पण एंडोक्राइन, म्हणजे हार्मोनचा विषय, आला की हातपाय गळतात. वीस प्रश्नांत सात-आठच बरोबर येतात. ॲडिसन आणि कुशिंग, एसआयएडीएच आणि डायबिटीस इन्सिपिडस, हायपो आणि हायपर, सगळं उलटसुलट होतं. तक्ते पाठ करते, आठवड्यात विसरते. क्लासमध्ये सांगतात रोज दोनशे एमसीक्यू सोडवा. नाइट करून आल्यावर तेवढं होत नाही. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागतो. नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करू का? आई विचारते, अजून किती दिवस? काय सांगू तिला? – एक स्टाफ नर्स

मुली,

तू चुकलेल्या विषयांची नावं लिहिलीस हे फार बरं केलंस, कारण त्या नावांतच दुखणं दिसतंय. ॲडिसन-कुशिंग, एसआयएडीएच-डीआय, हायपो-हायपर, या सगळ्या आरशातल्या जोड्या आहेत. एकात सोडियम खाली तर दुसऱ्यात वर, एकात बीपी खाली तर दुसऱ्यात वर. तू दोन रकान्यांचा तक्ता करतेस आणि बाण पाठ करतेस. असा तक्ता डोक्यात उलटा व्हायला एक बाण पुरतो. एक चुकला की त्याच्यामागून सगळे चुकतात. स्मरणशक्ती कमी पडतेय असं समजू नकोस. बाण ही पाठ करायची गोष्टच नव्हे.

मी आधी मेडिसिन वॉर्डात काम केलं आणि नंतर बरीच वर्षं मुलींना शिकवलं. एंडोक्राइनला घाबरलेल्या मुलींना मी सगळ्यात आधी तक्ता मिटवायला सांगायची आणि स्वयंपाकघरात न्यायची. तुलाही तिथेच नेते.

आमटी केलीस, मीठ बरोबर घातलंस, आणि चुकून तांब्याभर पाणी जास्त पडलं. आता आमटी अळणी लागते. मीठ कमी झालंय का? नाही. मीठ जेवढं घातलं तेवढंच आहे, पाणी वाढलंय. हा एसआयएडीएच. एडीएच म्हणजे लघवी रोखणारं हार्मोन. ते गरजेपेक्षा जास्त सुटलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, रक्त पातळ होतं आणि सोडियम १३५ च्या खाली जातं. लघवी मात्र थोडी आणि दाट. मग उपाय काय? आणखी पाणी घालायचं नाही. म्हणून पाण्यावर बंधन, रोजचं वजन, इनटेक-आउटपुट. सोडियम फारच खाली जाऊन झटके येत असतील तरच तीन टक्क्यांचं सलाइन, आणि तेही हळू, चोवीस तासांत सोडियम ८ ते १० अंकांपेक्षा जास्त वाढू न देता. घाई केली तर मेंदूतल्या नसांवरच्या आवरणाला इजा होते.

आता तीच आमटी गॅसवर विसरलीस. पाणी आटलं, आमटी खारट झाली. मीठ तेवढंच आहे, पाणी गेलं. हा डायबिटीस इन्सिपिडस. एडीएच नाही, किंवा आहे पण मूत्रपिंड त्याचं ऐकत नाही. पेशंट लिटरच्या लिटर पाण्यासारखी लघवी करतो, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, १.००५ च्या खाली, आणि सोडियम वर चढतं. उपाय पाणी देणं आणि, हार्मोन कमी असेल तर, एडीएचचं काम करणारं औषध डेस्मोप्रेसिन. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या ऑपरेशननंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, तासातासाला बघायची ती यासाठीच.

नाव ऐकून गोंधळतेस तर त्याचंही सांगते. मेलिटस म्हणजे मधासारखा गोड, इन्सिपिडस म्हणजे बेचव. आपल्याकडे मधुमेह हा शब्द होताच, आणि आयुर्वेदाने सांगितलेल्या प्रमेहांत, म्हणजे लघवीच्या विकारांत, पाण्यासारख्या लघवीचा उदकमेहही होता. मधुमेहात लघवी वाढते ती साखर पाणी ओढते म्हणून. उदकमेहात साखरेचा संबंधच नाही. हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. नावातल्या ‘डायबिटीस’मुळे हॉस्पिटलात भरती झालेल्या पेशंटना डेस्मोप्रेसिन मिळालं नाही आणि त्यात जीव गेले, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने या आजाराचं नावच बदलून आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन (हे एडीएचचंच दुसरं नाव) डेफिशियन्सी आणि रेझिस्टन्स अशी दोन नावं सुचवली. पेपरात जुनं-नवं कुठलंही नाव आलं तरी आटलेली आमटी आठव.

तिसरी आमटी सगळ्यात महत्त्वाची, कारण पेपर काढणारे इथेच पकडतात. समज, पाणी बरोबर आहे पण मीठच गळून गेलंय. आमटी पुन्हा अळणी. हा ॲडिसन. मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मूत्रपिंडात सोडियम आत ओढतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं. ते नसेल तर मीठ लघवीतून वाहून जातं, त्याच्यामागून पाणी जातं, बीपी पडतं, आणि बाहेर जायचं पोटॅशियम आतच साठतं. आता बघ, सोडियम एसआयएडीएचमध्येही कमी आणि ॲडिसनमध्येही कमी. पण एकात पाणी तोडायचं आणि दुसऱ्यात सलाइन धावतं सोडायचं. नुसता ‘सोडियम खाली’ हा बाण पाठ असलेली मुलगी इथे पन्नास टक्के वेळा चुकणारच. आमटी अळणी कशाने झाली, पाणी वाढल्याने की मीठ गेल्याने, हे विचारणारी चुकणार नाही. पोटॅशियम वर आणि बीपी खाली असेल तर मीठ गेलंय. पोटॅशियम जागेवर, बीपी ठीक आणि लघवी दाट असेल तर पाणी साठलंय.

ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, त्याची गोष्ट याला जोडून घे. अल्डोस्टेरॉन मुख्यतः मूत्रपिंडाच्या रेनिनचं ऐकतं, कॉर्टिसॉल पिट्युटरीच्या एसीटीएचचं. हे वाक्य वहीत लिहून ठेव, शेवटी लागणार आहे. कॉर्टिसॉल हे संकटातलं हार्मोन. साखर वर ठेवतं, बीपी सावरतं, सूज दाबतं. ते कमी झालं की साखर पडते, थकवा येतो, उलट्या होतात, आणि ताप किंवा ऑपरेशनचा ताण आला की पेशंट कोसळतो. तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून आणि सलाइन. ॲडिसनमध्ये ॲड्रिनलच बिघडलेली असते, म्हणून पिट्युटरी वरून एसीटीएचचा मारा करत राहते, आणि त्याने कातडी काळवंडते. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या बघायला म्हणून सांगतात. १८५५ मध्ये थॉमस ॲडिसनने या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याच्या पेशंटमध्ये ॲड्रिनलच्या टीबीचेही काही होते. आपल्या देशात टीबी आजही विसरून चालत नाही.

कुशिंग वेगळा पाठ करायची गरजच नाही. कॉर्टिसॉल फार झालं तर काय होईल, हे तूच सांग. साखर वर, बीपी वर, सोडियम धरून ठेवलेलं, पोटॅशियम कमी, तोंड गोल, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, कातडी पातळ आणि पोटावर जांभळट पट्टे, जखम भरत नाही, जंतुसंसर्ग लपून राहतो. हे तू बाहेर पाहिलंही असशील. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्या बायका आमच्या ओपीडीत यायच्या. ‘अंगावर आलं बघा, दुखणं पण गेलं,’ म्हणायच्या. चेहरा बघितला की समजायचं की गोळीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, आहे. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, गोळी मनाने बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की पिट्युटरी आणि ॲड्रिनल झोपी जातात. गोळी एकदम थांबवली तर त्यांना जाग यायच्या आत पेशंट कोसळतो. पेपरात ‘स्टेरॉइडबद्दल पेशंटला काय शिकवाल’ असा प्रश्न आला की डोळ्यांसमोर या बायका आण. सकाळी खाऊन घ्यायची, एकदम थांबवायची नाही, ताप आला तर डॉक्टरांना सांगायचं.

थायरॉइडला एवढा वेळ नको. ती शेगडी आहे. जाळ मंद केला की सगळंच मंद. थंडी वाजते, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, नाडी हळू, पाळी जास्त जाते, बोलणं जड होतं. जाळ मोठा केला की घाम, धडधड, जुलाब, भूक असून वजन उतरतं, हात थरथरतात. एवढं कळलं की उरतात त्या नेमक्या जागा, आणि प्रश्न तिथेच येतो. मिक्सिडीमा कोमात, म्हणजे जाळ फारच मंदावून आलेल्या बेशुद्धीत, अंग गार पडलेलं असतं, पण गरम पिशव्या लावायच्या नाहीत. रक्तवाहिन्या एकदम फैलावतात आणि बीपी कोसळतं. नुसती ब्लँकेटं घालायची. जाळ एकदम भडकला की थायरॉइड स्टॉर्म; त्याच्या तापाला ॲस्पिरिन नाही, पॅरासिटामॉल, कारण ॲस्पिरिन प्रोटीनला चिकटलेलं हार्मोन सोडवतं. आयोडीन द्यायचं असेल तर आधी पीटीयूसारखं, हार्मोन बनणं थांबवणारं औषध आणि किमान तासाभराने आयोडीन. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्याही आधी, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब.

कम्युनिटी हेल्थमध्येही थायरॉइड येतं. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा, १९९२ मध्ये त्याला आयोडीनन्यूनता विकार नियंत्रण असं नाव मिळालं. मिठात आयोडीन कारखान्यात ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३०), घरी पोचल्यावर किमान १५. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. हे आकडे पाठच करायचे, त्याला दुसरा मार्ग नाही.

आता पॅराथायरॉइड, म्हणजे थायरॉइडच्या मागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी. इथे मराठी माध्यम तुझ्या कामी येईल. कॅल्शियम कमी झालं की नसा चेकाळतात. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडतात. दोन खुणा तपासतात, च्वोस्टेक आणि ट्रूसो, आणि मुली त्यांची अदलाबदल करतात. च्वोस्टेक म्हणजे च, चेहरा. कानापुढे गालावर टिचकी मारली की तोंडाची ती बाजू उडते. ट्रूसो म्हणजे ट, टूर्निके. बीपीचा पट्टा वरच्या बीपीहून थोडा जास्त फुगवून तीन मिनिटं ठेवला की हात आखडतो. उलट कॅल्शियम फार वाढलं तर हाडं ठिसूळ, मूत्रपिंडात खडे, पोटात दुखणं आणि मन उदास. एका वाक्यात बसतं.

मी मुद्दाम सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम इतकं बोलतेय, कारण एंडोक्राइन हा सगळ्या शरीराचा धडा आहे. सोडियम बिघडलं तर मेंदू बोलतो, म्हणजे गुंगी, गोंधळ, झटके. पोटॅशियम बिघडलं तर हृदय बोलतं, ईसीजीत टी-वेव्ह टोकदार होते किंवा सपाट होते. कॅल्शियम बिघडलं तर स्नायू बोलतात. अल्डोस्टेरॉन एकदा समजलं की हार्ट फेल्युअर आणि लिव्हरच्या सिऱ्होसिसमध्ये पाय का सुजतात हेही समजतं. तिथे शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून ते अल्डोस्टेरॉन वाढवून मीठ-पाणी धरून ठेवतं. मग त्याला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन देतात. अडवलं म्हणजे पोटॅशियम साठणार. म्हणून त्या पेशंटला शहाळ्याचं पाणी आणि पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ नको म्हणून सांगायचं. बघ, कार्डिओ, गॅस्ट्रो, किडनी आणि फार्माकोलॉजी अशा चार विषयांचे प्रश्न एकाच हार्मोनने सुटले. तू एंडोक्राइनला घाबरून बाजूला ठेवतेस, तेव्हा बाकीच्या सिस्टिममधलेही मार्क सोडतेस.

मधुमेहाबद्दल एक माझ्या आठवणीतलं सांगते. नाव-गाव सांगत नाही. एका वॉर्डात पहाटे साडेपाचला एक आजोबा घामाने चिंब, शर्ट बदलावा इतके, आणि हाक मारली तर अर्धवट बडबडत होते. रात्रीच्या मुलीला वाटलं उकडतंय, झोपेत आहेत. ग्लुकोमीटरवर ३४ आलं. शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं आणि पाच मिनिटांत त्यांनी डोळे उघडून चहा मागितला. नंतर कचऱ्यात इन्सुलिनची सिरिंज बघितली तर लाल टोपणाची, आणि बाटली १०० युनिटची.

तू रोज हे हाताळतेस, तरी एकदा हिशेब कर. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० खूण म्हणजे एक मिली. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १०० खूण म्हणजे एक मिली. वीस युनिट द्यायचे म्हणून लाल सिरिंज वीसच्या खुणेपर्यंत भरली, तर अर्धा मिली आला. बाटली मिलीला १०० युनिटची असेल, तर आत गेले पन्नास. अडीच पट. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे मी त्या पहाटेनंतर प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून दाखवलं. परीक्षेत यावर गणित येतं, पण मी ते परीक्षेसाठी सांगत नाही.

त्या आजोबांच्या गोष्टीतच हायपोग्लायसेमियाचा, म्हणजे साखर पडण्याचा, सगळा प्रश्न आहे. साखर ७० च्या खाली, पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे पाण्यात विरघळवून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, शीर मिळत नसेल तर साखर वाढवणारं ग्लुकागॉन एक मिलिग्रॅम स्नायूत. पेपरात चार पर्यायांत ‘संत्र्याचा रस द्या’ दिसला की मुली धावतात. आधी बघ, पेशंट शुद्धीवर आहे का, ते एका शब्दात लिहिलेलं असतं.

डीकेए आणि एचएचएस या साखर फार चढल्यावरच्या दोन आणीबाणींचाही तक्ता करू नकोस. एकच विचार, इन्सुलिन थोडं तरी आहे का? अजिबात नसेल तर शरीर चरबी जाळतं, ॲसिड तयार होतं, ते श्वासातून फेकायला पेशंट खोल आणि जलद श्वास घेतो, तोंडाला फळासारखा वास. हा डीकेए. थोडं इन्सुलिन असेल तर चरबी जळत नाही, ॲसिड होत नाही, पण साखर मात्र दिवसेंदिवस चढत ६०० च्या वर जाते आणि म्हातारा माणूस सुकून गुंगीत जातो. हा एचएचएस. दोन्हींत पहिलं काम नॉर्मल सलाइन. इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम बघायचं, आणि हे का, ते नीट समजून घे. डीकेएमध्ये रिपोर्टला पोटॅशियम नॉर्मल किंवा वाढलेलं दिसतं, पण शरीरातला साठा लघवीवाटे गेलेला असतो. इन्सुलिन साखरेबरोबर उरलेलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं, रक्तातलं एकदम खाली येतं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून ३.३ च्या खाली असेल (नव्या मार्गदर्शनात ३.५) तर आधी पोटॅशियम भरून काढतात आणि मग इन्सुलिन. इन्सुलिनच्या ड्रिपला रेग्युलर, म्हणजे स्वच्छ दिसणारं इन्सुलिन वापरतात, ढगाळ दिसणारं कधीच नाही. साखर उतरून २५० च्या आसपास आली की ड्रिपमध्ये डेक्स्ट्रोज जोडतात. गंमत म्हणजे मुलींना हे उलटं वाटतं, साखर जास्त असताना साखर कशी? पण ॲसिड अजून गेलेलं नसतं, ते घालवायला इन्सुलिन चालू ठेवावं लागतं, आणि चालू ठेवायचं तर साखर पडू द्यायची नाही.

आता सरावाबद्दल. रोज दोनशे एमसीक्यूचा सल्ला मला पटत नाही. नाइट करून आलेल्या मुलीला तर अजिबात नाही. दोनशे प्रश्नांत तू फक्त उत्तर तपासतेस, बरोबर आलं की पुढे, चुकलं की हळहळ आणि पुढे. रोज पंचवीस सोडव, पण प्रत्येक प्रश्नाच्या तीन चुकीच्या पर्यायांना विचार, ‘तू कधी बरोबर ठरला असतास?’ एक उदाहरण घे. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन सहा तास झालेत. पेशंट म्हणते गळा आवळल्यासारखा वाटतोय. समोरून ड्रेसिंग कोरडं. पहिल्यांदा काय कराल? वेदनाशामक द्या, मानेच्या मागे हात घालून रक्त बघा आणि श्वास तपासा, कॅल्शियमसाठी रक्त पाठवा, आवाजाला विश्रांती द्यायला सांगा. बरोबर दुसरा, कारण रक्त मागे उशीवर ओघळतं आणि आत साठून श्वासनळी दाबतं. पण तिथे थांबू नकोस. तिसरा कधी बरोबर ठरला असता? दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या असत्या तर. चौथा कधी? नुसता आवाज घोगरा असता, श्वासाला त्रास नसता तर. पहिला कधी? श्वास, रक्तस्राव सगळं बघून झाल्यावर. झालं, एका प्रश्नात चार प्रश्न सुटले. आणि या पेशंटच्या उशाशी ट्रॅकिओस्टॉमी सेट, सक्शन, ऑक्सिजन, कॅल्शियम ग्लुकोनेट का ठेवतात तेही पाठ न करता लक्षात राहिलं.

ही उत्तरं मराठीत लिही. इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागतो याची लाज बाळगू नकोस, माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनी तशाच होत्या. पहिल्या वाचनात फक्त तीन गोष्टी शोध. पेशंट कोण, किती वेळापूर्वी काय झालं, आणि प्रश्नात ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘एक्सेप्ट’ यांतलं काय आहे. ‘एक्सेप्ट’ला पेनने गोल कर, कॉम्प्युटरवर असेल तर कच्च्या कागदावर लिही. हायपो आणि हायपर ऐकायला सारखे, म्हणून वाचताना मनात ‘कमी’ आणि ‘जास्त’ म्हण. विचार मराठीत कर, नाव इंग्रजीत लक्षात ठेव. दोन्ही जमतं.

नॉर्सेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातो, त्याचाही हिशेब आधीच करून ठेव. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं, तर चार प्रश्नांत एक बरोबर आणि तीन चूक, हातात शून्य. एक पर्याय खात्रीने काढता आला, तर लिहिण्यात थोडा फायदा आहे. दोन काढता आले, तर सोडूच नकोस. एकही काढता येत नसेल तर पुढे जा, तो वेळ पुढच्या प्रश्नाला दे.

नोकरी सोडू नकोस. परीक्षेला लागणारी तुझी अनुभवाची दोन वर्षं पुरी झाली असली तरी तुझा वॉर्ड हाच तुझा सगळ्यात चांगला गाइड आहे. एका शिफ्टला एक पेशंट निवड. त्याची फाइल वाच, रिपोर्ट बघ, आणि स्वतःला विचार, याचं सोडियम असं का, ही गोळी का, आज रात्री याचं काय बिघडू शकतं. हँडओव्हरच्या आधी पाच मिनिटं लागतात. नाइट करून आल्यावर पेपर सोडवायचाच नाही. झोपायचं. संध्याकाळी उठून पंचवीस प्रश्न. इन्चार्ज सिस्टरला सांगून परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत नाइट कमी करून मिळाल्या तर माग. मागायला संकोच करू नकोस, पुष्कळ सिस्टर देतात.

आईला म्हणावं, एवढी एक परीक्षा होऊ दे. आणि रविवारी तिच्याकडून आमटी करून घे. मी गंमत करत नाही. एकदा मुद्दाम पाणी जास्त घालून चाखून बघ, एसआयएडीएच पुन्हा विसरणार नाहीस.

जाता जाता एक पेशंट देते, तुझ्यासाठीच बनवलेली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, गुडघेदुखीवर दोन वर्षं कुठल्यातरी गोळ्या घेत होत्या. वारीला गेल्या, वाटेत गोळ्या संपल्या, त्याला आठ दिवस झाले. आता उलट्या, पोटात दुखतंय, बीपी ८० वर ५०, साखर ५४, सोडियम १२८. कातडी काळवंडलेली नाही आणि पोटॅशियम ४.२, अगदी नॉर्मल. सगळे म्हणतील ॲडिसनसारखं दिसतंय. मग पोटॅशियम का वाढलं नाही? कातडी का काळी नाही? आणि डॉक्टर यायच्या आत तू ट्रॉलीवर काय काय काढून ठेवशील? वहीत लिहायला सांगितलेलं ते एक वाक्य उघड, आणि उत्तर मराठीत लिहून पाठव.

– तुझी मॅडम